वाचकांचे प्रश्न : मुलांच्या रंगवायच्या पानांसाठी प्रॉम्प्ट कसा लिहावा?

पोळ्याला अजून महिना असतानाच या सदराकडे एकाच विषयाची पत्रे येऊ लागली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने चित्रे काढणारी साधने आता हातातल्या मोबाइलवर आली आहेत, आणि नागपुरातल्या व आसपासच्या बालवाड्यांतून, अंगणवाड्यांतून, घरांतून मुलांसाठी रंगवायची पाने त्यांच्याकडून काढून घेण्याचा प्रयत्न सुरू आहे. साधनाला द्यायची लेखी सूचना, म्हणजे प्रॉम्प्ट, कसा लिहावा हा बहुतेक पत्रांचा गाभा आहे. मी सत्तावीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवली आणि गेली दोन वर्षे अशी पाने तयार करून बालवाड्यांना देत आहे. त्या अनुभवाच्या आधारे निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : ताई, तान्ह्या पोळ्याला आमच्या बालवाडीत मुले लाकडी नंदी घेऊन येतात. त्यांना रंगवायला बैलाचे पान द्यावे म्हणून मी ‘तान्ह्या पोळ्याच्या बैलाचे चित्र काढ’ असे लिहिले. आले ते रंगीत, चकचकीत चित्र, आणि त्यातला बैल आपल्याकडचा वाटतच नाही. माझे काय चुकले?
— बालवाडी शिक्षिका, महाल

तुमच्या वाक्यात दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या : पान कसले हवे, आणि बैल कसा हवा. नुसते ‘चित्र’ म्हटले की साधन रंगीत आणि छायाप्रकाश असलेले चित्र काढते, कारण ज्या असंख्य चित्रांवरून ते शिकले, त्यांतली बहुतेक तशीच होती. हे शिक्षण चित्र आणि त्याच्यासोबतची ओळ अशा जोड्यांवरून झालेले असते. त्यामुळे रंगवायच्या पानांसोबत जी ओळ नेहमी लिहिली जाते, तीच आपण लिहिली तर साधनाला आपले म्हणणे लगेच उमगते. म्हणून प्रॉम्प्टच्या आरंभीच ‘कलरिंग बुक पेज’, ‘ब्लॅक अँड व्हाइट लाइन आर्ट’, ‘थिक आउटलाइन्स’ आणि ‘व्हाइट बॅकग्राउंड’ हे चार शब्दप्रयोग इंग्रजीत, रोमन लिपीत जसेच्या तसे टाइप करावेत. पुढचे वर्णन मराठीत केले तरी चॅटजीपीटी, जेमिनाय यांसारख्या संवाद साधणाऱ्या साधनांना ते कळते.

सगळ्याच साधनांना मात्र मराठी कळत नाही. स्टेबल डिफ्यूजन हे २०२२ साली सर्वांसाठी खुले झालेले साधन घ्या. त्याच्या पहिल्या आवृत्त्यांत शब्द वाचणारा भाग मुख्यतः इंग्रजीवर तयार झालेला होता आणि तो एका वेळी ७७ तुकड्यांपलीकडे काही वाचत नसे. इंग्रजीतला साधा शब्द बहुधा एकाच तुकड्यात बसतो. देवनागरीतले एकेक अक्षर मात्र अनेक तुकड्यांत मोडते, आणि चार ओळींचे मराठी वर्णन दुसऱ्या ओळीतच संपल्यासारखे होते. असे साधन वापरत असाल तर वर्णन आधी मराठीत नीट लिहावे आणि मग ते इंग्रजीत करून घ्यावे.

आता बैलाकडे येऊ. ‘बैल’ हा शब्द वाचून साधनाच्या पुढे बहुधा परदेशी, वशिंड नसलेला, जाड मानेचा बैल येतो. ‘तान्हा पोळा’ या नावाने ओळखता येतील इतकी चित्रे त्याने पाहिलेलीच नसावीत. ज्याने नागपूर कधी पाहिले नाही अशा चित्रकाराला आपण फोनवरून बैल समजावून सांगत आहोत, असे धरून चालावे. त्याला सणाचे नाव सांगून काही कळणार नाही, पण आकार सांगितला तर तो तसा काढेल. माझ्याकडचा प्रॉम्प्ट असा आहे, आणि वरचे चार इंग्रजी शब्दप्रयोग त्याच्या आधी येतात :

‘मध्यभागी एकच लाकडी खेळण्यातला बैल, बाजूने दिसणारा, संपूर्ण शरीर पानाच्या आत. खांद्यावर उंच गोल वशिंड, गळ्याखाली लोंबणारी पोळी, वर वळलेली दोन लांब शिंगे, प्रत्येक शिंगाच्या टोकाला एक गोंडा. गळ्यात मोठ्या घुंगरांची माळ. पाठीवर झूल, झुलीवर तीन मोठी फुले. बैल एका सपाट पाटावर उभा आहे, पाटाला दोन चाके दिसतात, पाटाच्या पुढे ओढण्याची दोरी. सर्व आकार बंद रेषांचे, आतली जागा कोरी.’

यातल्या ‘वशिंड’ या शब्दाचा अर्थ काही साधनांना लागत नाही. तिथे इंग्रजीत ‘झेबू’ लिहावे. वशिंड असलेल्या गुरांसाठी तिकडे तोच शब्द रूढ आहे आणि त्या एका शब्दाने बैलाचा अर्धा चेहरामोहरा सुधारतो. ‘गळ्याखालची पोळी’ हेही एखाद्या साधनाला खाण्याची पोळी वाटू शकते. तसे झाले तर ‘गळ्याखाली लोंबणारी सैल कातडी’ असे लिहावे.

चाकांच्या बाबतीत मी स्वतः दोन दिवस अडकले होते. नंदीच्या पाटाला चार चाके असतात म्हणून मी ‘चार चाके’ लिहीत होते, आणि साधन प्रत्येक वेळी चारही चाके एका ओळीत लावून पाट आगगाडीच्या डब्याइतका लांब करीत होते. शेवटी घरातला नंदी टेबलावर ठेवून बाजूने पाहिला तेव्हा लक्षात आले की तिथून दिसतात दोनच. वस्तूबद्दल जे माहीत आहे ते लिहायचे नसते, जिथून चित्र हवे तिथून जे दिसते ते लिहायचे असते. हे मी मुलांना आयुष्यभर सांगत आले, तरी प्रॉम्प्ट लिहिताना विसरले होते.

पहिल्याच प्रयत्नात हवे तसे पान मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. दुरुस्ती करताना एका वेळी एकच गोष्ट बदला. शिंगे, झूल आणि पाट तिन्ही एकदम बदलले तर कोणत्या शब्दाने काय झाले हे कळत नाही. आणखी एक गोष्ट सांगते : संवाद साधणारी काही साधने आपले वाक्य आतल्या आत फुलवून, स्वतःची विशेषणे घालून मग चित्र काढतात. ‘चित्र काढण्याआधी तू वापरणार असलेले वर्णन मला दाखव’ असे लिहिले की ते समोर येते, आणि त्यात आपण न सांगितलेले गवत, कुंपण किंवा मावळता सूर्य असेल तर आधीच काढून टाकता येतो.

प्रश्न : माझ्या अंगणवाडीत ३ ते ६ वर्षांची मुले एकत्र बसतात. मी प्रॉम्प्टमध्ये ‘लहान मुलांसाठी सोपे चित्र’ असे लिहिते, तरी पाने इतकी भरगच्च येतात की लहानगी मुले रेषा गाठायच्या आतच कंटाळतात. काय करावे?
— अंगणवाडी सेविका, हिंगणा

‘सोपे’ हा शब्द काढून टाका. तो तुमच्यासाठी एक अर्थाचा आहे आणि साधनासाठी भलत्याच. अनेकदा ‘सोपे’ म्हटले की ते गोंडस, मोठ्या डोळ्यांचे चित्र देते, पण रेषा तितक्याच बारीक ठेवते. त्याऐवजी मोजता येईल असे काही लिहावे. तुमच्याकडे मुलांच्या हातात असणारा मेणखडू घ्या. आठवडाभर वापरलेल्या खडूचे टोक झिजून जवळजवळ पेन्सिलीच्या जाडीएवढे बोथट झालेले असते. त्या टोकाने बोटाच्या नखाएवढ्या जागेत रंग भरणे तीन वर्षांच्या मुलाला शक्य नाही, कारण त्या वयात खडू मुठीत धरलेला असतो आणि हात खांद्यापासून हलतो, मनगटापासून हलत नाही. त्याला तळहाताएवढी मोकळी जागा हवी.

म्हणून ३ वर्षांच्या मुलांसाठी मी लिहिते : ‘पानभर एकच वस्तू, आत जास्तीत जास्त पाच भाग, प्रत्येक भाग मोठा, बाह्यरेषा मार्करने काढल्यासारखी जाड.’ एक संत्रा, त्याला एक देठ आणि दोन पाने, एवढ्यात पान पूर्ण होते. चार-साडेचार वर्षांच्या मुलांना तोच संत्रा सोललेला देता येतो, ज्यात सात-आठ मोठ्या फोडी दिसतात. सहा वर्षांच्या मुलांना संत्र्यांची टोपली, मागे एक झाड आणि टोपलीशेजारी बसलेली चिमणी चालेल. विषय एकच ठेवल्याने तुमच्या मिश्र वर्गात सगळ्यांना आपण एकच काम करतो आहोत असे वाटते, आणि धाकट्यांना थोरल्यांच्या पानाचा हेवा वाटत नाही.

वस्तूंची संख्या सांगताना तीनपर्यंतच थांबावे. ही साधने मोजण्यात कच्ची आहेत. ‘नऊ चिमण्या’ लिहिल्या तर सात येतात किंवा अकरा, आणि अंक शिकवण्यासाठी पान करत असाल तर ती चूक मुलांच्या डोक्यात जाते. मोजणीचे पान हवे असल्यास एकच चिमणी काढून घ्यावी आणि वर्डमध्ये तिच्या नऊ प्रती चिकटवाव्यात.

वाघाचे पान मागाल तेव्हा पट्ट्यांचा उल्लेख जरूर करा. ताडोबा आणि पेंच आपल्या इतक्या जवळ असल्याने मुले वाघ मागतातच. पण काहीच न सांगता काढलेल्या वाघावर पन्नास-साठ बारीक पट्टे येतात आणि रंगवायला जागा उरत नाही. ‘अंगावर आठ जाड पट्टे, पट्ट्यांच्या मधली जागा रुंद’ एवढे लिहिले की वाघ रंगवण्याजोगा होतो. पट्टे आठाऐवजी दहा आले तर इथे काही बिघडत नाही.

पान पुरेसे मोकळे आहे का, हे पाहण्याची माझी एक पद्धत आहे. मोबाइलवर ते चित्र टपाल तिकिटाएवढे होईपर्यंत लहान करावे. तेवढ्या आकारातही वस्तू ओळखू आली आणि आतले भाग वेगळे दिसले, तर ते तीन वर्षांच्या मुलाला देता येते.

प्रश्न : पडद्यावर छान दिसणारे पान झेरॉक्सच्या दुकानातून काढले की रेषा पुसट होतात आणि कोऱ्या जागेत करडे डाग येतात. दुकानदार म्हणतात, चित्रातच दोष आहे. खरे काय?
— एक पालक, सीताबर्डी

दुकानदारांचे म्हणणे बरेचसे खरे आहे. साधन ‘पांढरी पार्श्वभूमी’ म्हणून जे देते ते अनेकदा पूर्ण पांढरे नसते. स्टेबल डिफ्यूजनसारखी साधने चित्राची सुरुवात ठिपक्यांच्या गोंधळापासून करतात आणि तो पायरीपायरीने साफ करत शब्दांच्या दिशेने नेतात. त्या गोंधळाची सरासरी छटा मध्यम करडी असते, म्हणून निखळ पांढरे किंवा निखळ काळे चित्र त्यांना जड जाते. पडद्यावर डोळ्यांना ती करडी झाक जाणवत नाही, झेरॉक्स यंत्राला मात्र जाणवते.

हे किरकोळ वाटेल, पण मुलाच्या हाताशी बसून पाहिले की वाटत नाही. गेल्या वर्षी एका बालवाडीत साडेचार वर्षांची एक मुलगी हत्तीच्या पोटावरची करडी सावली पांढऱ्या खडूने घासत बसली होती. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, ‘इथं कुणीतरी आधीच रंगवलंय, ते खोडतेय.’ तिने पान जवळजवळ फाटेपर्यंत घासले. ती सावली माझ्याच प्रॉम्प्टमधून आली होती; ‘शेडिंग’ नको हे सांगायचे मी विसरले होते आणि छपाईपूर्वी पान तपासलेही नव्हते. तेव्हापासून खालची कामे मी चुकवत नाही.

चित्र जिंप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडून ‘थ्रेशोल्ड’ हा पर्याय वापरावा. त्यात ठरवलेल्या छटेपेक्षा फिकट ते सगळे पांढरे आणि गडद ते सगळे काळे होते. सरकपट्टी मध्यापासून हळूहळू डावीकडे न्यावी. करडे नाहीसे होते तिथे थांबावे, आणि रेषा तुटू लागल्या तर थोडे मागे यावे. मोबाइलवरच काम करायचे असेल तर कागदपत्रे स्कॅन करणाऱ्या ॲपमधला काळा-पांढरा फिल्टर जवळजवळ हेच करतो.

रेषा पुसट होण्याचे कारण वेगळे आहे. ए-४ कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा असतो. चांगल्या छपाईसाठी इंचाला ३०० बिंदू धरले तर चित्र २४८० बाय ३५०८ बिंदूंचे हवे, आणि साधनाकडून येणारे चौरस चित्र पुष्कळदा १०२४ बाय १०२४ असते. ते कागदाच्या रुंदीवर ताणले की इंचाला १२४ च्या आसपास बिंदू उरतात, म्हणून कडा दातेरी दिसतात. यावर चांगला उपाय म्हणजे इंकस्केप या मोफत सॉफ्टवेअरमधला ‘ट्रेस बिटमॅप’ : तो बिंदूंच्या चित्राच्या रेषा करून देतो, आणि मग पान भित्तिचित्राएवढे मोठे केले तरी कड स्वच्छ राहते. चौरसाऐवजी उभे चित्र मागावे, ३:४ किंवा २:३ प्रमाणात, म्हणजे कागदाची जागा वाया जात नाही, आणि ‘चारही बाजूंना मोकळी कड’ असेही लिहावे, कारण बहुतेक प्रिंटर कागदाच्या अगदी काठापर्यंत छापत नाहीत.

शेवटी, दुकानात व्हॉट्सॲपवरून पाठवताना फोटो म्हणून पाठवू नका. तसे केल्याने चित्र दाबले जाते आणि रेषांभोवती धुरकट डाग येतात. पीएनजी किंवा पीडीएफ करून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

प्रश्न : मी स्पष्ट लिहिते की ‘मागे झाडे नकोत’, तरी झाडे येतातच. साधन हट्टी आहे का?
— गृहिणी, त्रिमूर्ती नगर

साधनाला ‘झाडे’ हा शब्द ठळक ऐकू येतो आणि ‘नकोत’ हा क्षीण. ज्या ओळींवरून ते शिकले, त्यांत चित्रात काय आहे ते लिहिलेले होते. काय नाही ते कोण लिहितो? म्हणून नकाराऐवजी हवे ते लिहावे : ‘कोंबडीच्या मागची सगळी जागा कोरी पांढरी.’ काही साधनांत नको असलेल्या गोष्टींसाठी वेगळी जागा असते. स्टेबल डिफ्यूजनमध्ये ‘निगेटिव्ह प्रॉम्प्ट’ नावाचा रकाना असतो आणि मिडजर्नीमध्ये शेवटी दोन आडव्या रेघांनंतर ‘नो’ लिहून शब्द देता येतात. तिथे शेडिंग, करडा रंग, पोत, मजकूर, चौकट एवढे शब्द घालून ठेवावेत. संवाद साधणारी नवी साधने नकार पूर्वीपेक्षा बरा समजतात, पण होकारार्थी वाक्य तिथेही अधिक भरवशाचे असते.

प्रश्न : ‘क कमळाचा’ अशी मुळाक्षरांची पाने करायची आहेत. कमळ छान येते, पण ‘क’ विचित्र येतो.
— शिक्षक, कामठी

अक्षर साधनाकडून काढून घेऊच नका. त्याच्यासाठी ‘क’ ही एक आकृती आहे. तिची गाठ कुठे आणि दांडी कुठे हे ते अंदाजाने ठरवते, आणि देवनागरीचा मजकूर असलेली चित्रे त्याने इंग्रजीच्या मानाने फार कमी पाहिली आहेत. नवी साधने यात सुधारली आहेत हे खरे, पण अक्षर शिकणाऱ्या मुलासमोर एकदाही चुकीचे वळण ठेवणे मला मान्य नाही. प्रॉम्प्टमध्ये ‘पानाचा वरचा तिसरा हिस्सा पूर्ण कोरा’ असे लिहावे, आणि त्या जागेत वर्डमध्ये देवनागरी फाँटमधले मोठे अक्षर ठेवून त्याचा भराव काढून फक्त बाह्यरेषा ठेवावी. मुलांना ते पोकळ अक्षरही रंगवता येते.

प्रश्न : माझा नातू मुंबईत असतो. त्याला आपल्या नागपूरची ओळख व्हावी म्हणून दीक्षाभूमी, झिरो माइल अशी पाने करून पाठवावीत असे मनात आहे. दीक्षाभूमी म्हणून साधनाने जे काढले ते मात्र भलतेच देऊळ होते. मला ते पाठवावेसे वाटले नाही.
— निवृत्त शासकीय कर्मचारी, धरमपेठ

काका, तुम्ही ते पाठवले नाही हे योग्य केले. बैलाची झूल थोडी वेगळी आली तर चालते, पण जिथे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्या वास्तूच्या जागी दुसरीच इमारत काढून मुलाला ‘ही दीक्षाभूमी’ म्हणून देता येत नाही. खऱ्या वास्तूंची नावे साधनाला अंधुक माहीत असतात, आणि अंधुक माहितीतून ते शिखर, कळस, मिनार असे जे हाताला लागेल ते जोडते.

वर्णन करून काही अंशी सुधारणा होते : ‘प्रचंड अर्धगोल घुमटाचा बौद्ध स्तूप, समोरून दिसणारा, घुमटावर छत्र, दाराशी सांचीच्या स्तूपासारखे दोन खांबांचे तोरण.’ तरीही तपशील जुळतीलच याची खात्री नाही. म्हणून वास्तूंच्या बाबतीत मी साधनाला शब्दांवर सोडत नाही. समोरून, सकाळच्या उजेडात स्वतः फोटो काढावा, तो साधनाला देऊन ‘या फोटोतल्या वास्तूची फक्त बाह्यरेषा काढ, काहीही नवे जोडू नकोस, प्रमाण बदलू नकोस’ असे सांगावे, आणि आलेले पान फोटोशेजारी ठेवून दारे, कमानी, छत्र एकेक करून ताडून पाहावे. झिरो माइलचेही तसेच : वाळूदगडाचा स्तंभ आणि चार घोडे. साधन घोडे कधी तीन काढते, कधी त्यांच्यावर स्वारही बसवते.

त्याहून सोपा मार्ग जुनाच आहे. फोटोची मोठी प्रत काढून खिडकीच्या काचेवर चिकटवा, वर कोरा कागद धरा आणि काळ्या मार्करने रेषा ओढा. तासाभराचे काम आहे, आणि नातवाच्या पानावर आजोबांच्या हाताची रेषा राहील.

प्रश्न : मैत्रिणींनी मिळून विदर्भातले सण आणि प्राणी यांचे रंगवायचे पुस्तक करून विकायचे ठरवले आहे. कायद्याची अडचण येईल का?
— गृहिणी, मानेवाडा

दूरचित्रवाणीवरच्या किंवा चित्रपटातल्या पात्रांचे नाव प्रॉम्प्टमध्ये घालू नका, आणि हयात चित्रकाराच्या शैलीत काढ असेही सांगू नका. पात्राचे नाव न घेता त्याचे हुबेहूब वर्णन लिहिले तरी ते पात्र त्याच्या मालकाचेच राहते. मारबत, बडगे, तान्हा पोळा, भुलाबाई हे कुणा एकाच्या मालकीचे नाहीत. शेकरू, हरियाल आणि ताम्हण हे महाराष्ट्राचे राज्यप्राणी, राज्यपक्षी आणि राज्यफूल बाजारातल्या पुस्तकांत मला क्वचितच दिसले आहेत. तिथे तुम्हाला भरपूर वाव आहे. शेकरू मागताना ‘खार’ एवढेच लिहू नका, नाहीतर अंगणातली खार येईल. ‘मांजरीएवढी मोठी खार, लांब झुपकेदार शेपटी फांदीवरून खाली लोंबणारी’ असे लिहा.

तुमच्या पानांवर तुमचा हक्क किती, हा प्रश्न अधिक अवघड आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या व्याख्येत, संगणकाने निर्माण केलेल्या कलाकृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण करवणारी व्यक्ती, असे म्हटले आहे. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने मात्र जानेवारी २०२५ च्या अहवालात, निव्वळ प्रॉम्प्ट लिहिल्याने हक्क मिळत नाही आणि त्यात माणसाने केलेली सर्जक भर हवी, अशी भूमिका घेतली. ॲमेझॉनच्या केडीपी या स्वयंप्रकाशन सेवेवर पुस्तक चढवताना मजकूर किंवा चित्रे कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केली असल्यास तसे कळवावे लागते. म्हणून प्रत्येक पान आले तसे छापू नका. रेषा स्वतः दुरुस्त करा, मांडणी स्वतः करा, पानाखालची दोन ओळींची माहिती स्वतः लिहा आणि या कामाचे कच्चे टप्पे जपून ठेवा. ज्या साधनाचा वापर करता त्याच्या अटींत व्यापारी वापराला परवानगी आहे का, हेही आधी वाचा.

प्रश्न : मुलीच्या वाढदिवसाला पाहुण्या मुलांचे फोटो देऊन त्यांची रंगवायची पाने करावीत का?
— एक आई, जरीपटका

स्वतःच्या मुलीचे करायचे की नाही, ते तुम्ही ठरवा. दुसऱ्यांच्या मुलांचे फोटो त्यांच्या आईवडिलांना विचारल्याशिवाय कोणत्याही साधनावर चढवू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही १८ वर्षांखालच्यांना बालक मानले आहे आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक ठरवली आहे. फोटोशिवायही गंमत होते : ‘दोन वेण्या, गोल चश्मा, हातात पतंग’ असे लिहिले तर ज्या मुलीचे ते वर्णन आहे ती आपले पान लगेच ओळखते.

प्रश्न : मी चौथीला शिकवतो. मुलांनीच प्रॉम्प्ट लिहावा आणि धाकट्या वर्गासाठी पाने तयार करावीत असे वाटते. हे योग्य आहे का, आणि कसे करावे?
— शिक्षक, काटोल

जरूर करा; फक्त साधन तुमच्या हातात ठेवा. चॅटजीपीटीसारख्या साधनांच्या अटींत १३ वर्षांखालील मुलांना वापराची परवानगी नाही, म्हणून मुलांनी वहीत लिहावे आणि टाइप तुम्ही करावे. माझ्या मते या साऱ्या प्रकारात मुलांच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचे काम हेच आहे.

मी एका चौथीच्या वर्गात असे केले. टेबलावर पाण्याचा माठ ठेवला आणि प्रत्येकाला पाच वाक्ये लिहायला सांगितली, अट एवढीच की ‘माठ’ हा शब्द वापरायचा नाही. बहुतेकांनी ‘त्यात थंड पाणी असते’, ‘तो मातीचा असतो’ असे लिहिले. ती वाक्ये मी तशीच साधनाला दिली, आणि फळ्याशेजारच्या पडद्यावर एक फ्रीज आला, एकदा विहीर आली, एकदा मातीचे घर आले. मुले हसली आणि मग आपापल्या वाक्यांकडे पाहू लागली. दुसऱ्या फेरीत पोट गोल आहे, गळा आखूड आहे, तोंडावर ताटली आहे, खाली तिवई आहे, बाजूला तोटी आहे, अशी वाक्ये आली. मागच्या बाकावरच्या एका मुलाने जागेवरून उठून माठाला प्रदक्षिणा घातली आणि लिहिले, ‘तोटी माझ्याकडून दिसत नाही.’

तेव्हा तुम्हीही मुलांना एकाच बाजूला बसवा, नाहीतर पंचवीस मुलांचे पंचवीस माठ होतील. विषय घरातले आणि हाताळता येणारे घ्या : पाटावरवंटा, सूप, कंदील, टोपली. आलेले चुकीचे पान फेकू नका. त्याच्याखाली ज्या वाक्यातून ते आले ते वाक्य मुलाच्या अक्षरात चिकटवा, शेजारी दुरुस्त वाक्य आणि त्यातून आलेले पान लावा, आणि धाकट्या वर्गाला दोन्ही रंगवायला द्या. आमच्याकडे बालवाडीच्या मुलांनी माठाइतक्याच आवडीने फ्रीजही रंगवला होता.